खाली गाळे, वर मुलं

जांब समर्थचा नारायण बाराव्या वर्षी बोहल्यावरून निघाला आणि नाशिकजवळ टाकळीला जाऊन राहिला, असं परंपरा सांगते. पुढे तो समर्थ रामदास झाला. टाकळीला त्याला डिपॉझिट भरावं लागलं नव्हतं, एवढं नक्की. आज जांबच्याच घनसावंगी तालुक्यातली मुलं दहावी-बारावी झाली की जालना, छत्रपती संभाजीनगर, लातूर नाहीतर पुणे गाठतात. खोली बघायला वडील सोबत असतात. समोर नवी कोरी इमारत, खाली ओळीनं शटर, वर कॉट बेसिसच्या खोल्या. अशा इमारतींबद्दल गावात आणि शहरात काही समजुती पक्क्या झाल्या आहेत. त्यातल्या बऱ्याचशा चुकीच्या आहेत.

गैरसमज : खाली दुकानं, वर बिऱ्हाडं ही बिल्डरांनी काढलेली नवी टूम आहे.

वस्तुस्थिती : रोमजवळच्या ऑस्तिया बंदरात दुसऱ्या शतकातल्या विटांच्या इमारती आजही पाहायला मिळतात. तळमजल्यावर दुकानं, वर भाडेकरू. लांब कशाला, पुण्याच्या पेठा, संभाजीनगरची गुलमंडी, गिरगावच्या चाळी याच पद्धतीनं वाढल्या. जुन्या वाड्यात मात्र दुकानाचं तोंड रस्त्याकडे आणि घराचं तोंड चौकाकडे असे. गिऱ्हाईक ओट्यावर थांबे, उजेड-वारा चौकातून मिळे. नव्या इमारतीत चौक एफएसआयनं, म्हणजे चटईक्षेत्राच्या हिशेबानं गिळला. उरला तो डक्ट. त्यातच संडासाचे पाइप, त्यातच एसीची गरम हवा आणि त्यातच पोराच्या खोलीची एकुलती एक खिडकी. मांडणी जुनीच घेतली, पण तिचं फुप्फुस तेवढं काढून टाकलं.

गैरसमज : खाली दुकान असलं की अभ्यासाचा बट्ट्याबोळ.

वस्तुस्थिती : दुकान कसलं, यावर ते ठरतं. झेरॉक्स, स्टेशनरी, मेडिकल यांचा वरच्याला फारसा त्रास नसतो. रात्री दहानंतर त्यांची शटर पडतात, हॉर्न मात्र चालूच राहतात. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. ती बहुतेक वेळा मोडते ती रस्त्यावरच्या वाहतुकीमुळे, पुस्तकाच्या दुकानामुळे नव्हे. रस्त्याच्या बाजूला जिना, बाथरूम आणि व्हरांडा घेऊन खोल्या आतल्या अंगाला काढल्या, तर निम्मा प्रश्न नकाशावरच सुटतो.

खरी डोकेदुखी मेस आणि नाश्ता सेंटरची. पहाटे पोह्यांच्या कढया चढतात, एक्झॉस्टचा पंखा डक्टमध्ये सोडलेला असतो आणि फोडणीचा खाट तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो. मेस नको असं कुणीच म्हणणार नाही, पोरं खाणार कुठं? पण खाण्याचा गाळा कोणता, हे बांधण्याआधी ठरलं पाहिजे. धुराचा पाइप गच्चीच्या वर गेला पाहिजे आणि सिलिंडर जिन्यापासून लांब, उघड्यावर हवेत. आपल्याकडे हे भाडेकरू सामान घेऊन आल्यावर ठरतं.

गैरसमज : मुलींसाठी दुकानं नसलेली, गेट बंद असलेली इमारत जास्त सुरक्षित.

वस्तुस्थिती : जेन जेकब्ज या अमेरिकी लेखिकेनं 1961 मध्येच दाखवून दिलं होतं की रस्ता सुरक्षित राहतो तो त्याच्यावर सतत असलेल्या लोकांच्या नजरेमुळे, आणि ती नजर पुरवण्यात दुकानदारांचा मोठा वाटा असतो. खाली नुसतं पार्किंग असलेली इमारत संध्याकाळी सातनंतर अंधारी आणि ओसाड होते. त्यापेक्षा कोपऱ्यावर उघडं असलेलं मेडिकल केव्हाही बरं. अट एकच, मुलींचं प्रवेशद्वार वेगळं, उजेडातलं आणि दुकानातून दिसणारं असावं. दोन गाळ्यांमधल्या बोळातून, मोटारसायकली चुकवत मागच्या जिन्याला जावं लागत असेल, तर तिथं सीसीटीव्हीचा फलक वाचून समाधान मानू नये.

गैरसमज : गाळे काढले की रस्ता आपोआप गजबजतो.

वस्तुस्थिती : अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये अनेक शहरांनी नव्या इमारतींना तळमजल्यावर दुकानं काढायला लावली. त्यातली बरीच काचेला कागद चिकटवून रिकामी पडली. आपल्याकडेही तेच दिसतं. गाळा खोल आणि महाग, समोर चार पायऱ्यांचं जोतं आणि पायऱ्यांपुढे दुचाकींची भिंत. पाच झेरॉक्स काढायला आलेलं पोरगं एवढा खटाटोप करत नाही. त्याला रस्त्याच्या पातळीवरचं छोटं दुकान लागतं. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात पुस्तकांचा धंदा फूटपाथला लागूनच होतो, ते काही उगीच नाही.

गैरसमज : तळघरातली अभ्यासिका थंड आणि शांत, म्हणजे उत्तम.

वस्तुस्थिती : 27 जुलै 2024 रोजी दिल्लीत ओल्ड राजिंदर नगरमध्ये पावसाचं पाणी एका कोचिंग क्लासच्या तळघरात घुसलं आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे तिघं बुडून गेले. त्या तळघराला परवानगी होती ती सामान आणि वाहनं ठेवायला. तिथं वाचनालय चालत होतं.

वरचा टोकाचा मजलाही तितकाच धोक्याचा. 24 मे 2019 ला सुरतमध्ये एका व्यापारी संकुलाला खालून आग लागली. सर्वांत वर क्लास होता. जिन्याची वाट बंद झाली, पोरांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या, 22 जीव गेले. दोन्हीकडे जागा एका कामासाठी मंजूर किंवा बांधलेली आणि वापर भलताच. खालच्या दुकानाची आग आणि वरच्या मुलांची वाट एकाच जिन्यातून जात असेल, तर त्या इमारतीचा नकाशाच नापास आहे. मग लॉबीत ग्रॅनाइट असो की लिफ्टमध्ये आरसा.

गैरसमज : इमारत नवी आहे, म्हणजे कागदपत्रं असणारच.

वस्तुस्थिती : भोगवटा प्रमाणपत्र फ्लॅटचं आणि आत एका खोलीत चार कॉट, हे सर्रास चालतं. मंजूर पार्किंगला शटर लावून गाळा केला, हेही. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार ज्या इमारतींना आगीपासून बचावाची यंत्रणा सक्तीची आहे, त्यांनी दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून ती तपासून ‘फॉर्म बी’ द्यायचा असतो. तेव्हा डिपॉझिटचे पैसे मोजण्याआधी मालकाकडे चालू सहामाहीचा फॉर्म बी मागा. मग स्वतः दुसरा जिना शोधा आणि त्यानं गच्चीपर्यंत चढून बघा. दुसरा जिना नसेल किंवा त्याला कुलूप असेल, तर पैसे खिशातच राहू द्या आणि पुढची इमारत बघा.