ॲसिडचा पाऊस भाजतो का?



पावसाळा तोंडावर आला की गटांच्या मीटिंगमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, ॲसिडचा पाऊस पडतो म्हणे. अंगावर आला तर भाजतं का? पागोळ्यांचं पाणी भांड्यांना घ्यायचं की नाही?" मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंनी भीती बरीच घातली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भाजत नाही. आपल्या माती परीक्षणाच्या पत्रिकेवर 'सामू' लिहिलेला असतो, तोच पावसालाही लावतात. 7 म्हणजे ना आंबट ना चुन्यासारखं. आकडा खाली गेला की आंबटपणा वाढतो. स्वच्छ पावसाचा सामूसुद्धा साधारण 5.6 असतो, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो. त्याहून खाली गेला की तो आम्लपाऊस. ताकाचा सामू साडेचारच्या आसपास असतो, आणि ताक तर आपण पितो! पण एक लक्षात ठेवा, सामू एकाने उतरला की आंबटपणा दहा पटीने वाढतो.

मग भ्यायचं कशाला? पितळेच्या पातेल्याची कल्हई गेली असेल तर आपण त्यात ताक किंवा चिंचेचं सार ठेवत नाही. आंबट पदार्थ धातू खातो, आणि तो धातू पोटात जातो. पावसाचंही तसंच. एका सरीने काही होत नाही, पण वर्षानुवर्षं असं पाणी पडलं की पत्र्यावरचा जस्ताचा थर जातो आणि गंज धरतो. देवळाचा संगमरवर झिजतो. मातीतला चुना आणि मॅग्नेशियम धुऊन जातं, उलट मातीत अडकलेलं ॲल्युमिनियम मोकळं होऊन मुळांना त्रास देतं. तळ्याचा सामू 5 च्या खाली गेला की बऱ्याच माशांची अंडी फुटत नाहीत. स्वीडन आणि नॉर्वेची कित्येक तळी अशीच ओस पडली, आणि धूर बराचसा होता इंग्लंड-जर्मनीचा.

हा आंबटपणा येतो कुठून? कोळसा, फर्नेस ऑइल, डिझेल यांत गंधक असतं. ते जळलं की सल्फर डायऑक्साइड वायू होतो. इंजिन आणि भट्टीच्या उष्णतेत हवेतल्याच नायट्रोजनचे वायू तयार होतात. ढगातल्या पाण्यात मिसळून पहिल्याचं सल्फ्युरिक ॲसिड होतं, म्हणजे गाडीच्या बॅटरीत असतं तेच, फक्त खूप पातळ. दुसऱ्याचं नायट्रिक ॲसिड होतं. रॉबर्ट अँगस स्मिथ नावाच्या रसायनतज्ज्ञाने 1852 मध्ये हे पहिल्यांदा दाखवलं ते मँचेस्टरच्या पावसात. मँचेस्टर म्हणजे कापडगिरण्यांचं आणि कोळशाच्या धुराचं शहर. भिवंडीच्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आपल्याकडचं जुनं उदाहरण चेंबूरचं. खत कारखाना, तेलशुद्धीकरण कारखाने, वीजकेंद्र, सगळं एका ठिकाणी. लोक त्याला 'गॅस चेंबर' म्हणायचे. 1970 च्या दशकात तिथल्या पावसाचा सामू 5 च्या खाली आढळला होता. डोंबिवलीत जानेवारी 2014 मध्ये हिरवा पाऊस पडला, ते आठवत असेल. ते हवेतल्या रंग-रसायनांचं काम होतं. रंग दिसला म्हणून बातमी झाली. आम्लाला मात्र रंग नसतो, वासही नसतो.

आता वडप्याचं बघू. समोर नाशिक हायवे, भोवती गोदामं, दिवसरात्र ट्रक. भिवंडीत सायझिंगचे बॉयलर, त्यांत कोळसा आणि लाकूड. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे मुंबई-ठाण्याची हवा आपल्यावरून जाते आणि आपली पुढे शहापूरकडे, जिथे तानसा-भातसाची धरणं आहेत. एकाचा धूर दुसऱ्याच्या पाण्यात. हवेतली धूळ आणि आपला धो धो पाऊस हा आंबटपणा बराच कमी करतात हे खरं. पण कोकणपट्टीची तांबडी माती मुळातच आम्लधर्मी, तिला जास्तीचा भार सोसत नाही.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. चूल पेटवणाऱ्या बाईला यासाठी कुणी दोष देऊ नये. लाकडात गंधक फार कमी असतं. चुलीचा धूर छातीला वाईटच, पण आम्लपाऊस तिने आणलेला नाही.

मोठे उपाय मोठ्या जागीच व्हायचे. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 इंधन आलं, त्यात गंधक दहा लाखात 50 भागांवरून 10 वर आलं. चिमणीतला वायू चुन्याच्या पाण्यातून सोडला की आम्ल तिथेच मरतं. ते यंत्र बसवून घेणं आणि चालू ठेवायला लावणं हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं काम. त्यांचं प्रादेशिक कार्यालय कल्याणला आहे. बॉयलरमधून काळा धूर, रबर-प्लॅस्टिकचा वास आला तर तारीख, वेळ, जागा लिहून, फोटो लावून गटाच्या लेटरहेडवर अर्ज द्या आणि पोच घ्या. एकटीच्या तोंडी तक्रारीपेक्षा दहा सह्यांचा कागद जास्त चालतो.

गावात थांबवण्यासारखं एक आहे. गोदामांमागे कचरा जाळतात, त्यात वायरी, रेक्झिन, पीव्हीसी पाइप असतात. पीव्हीसी जळलं की हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू निघतो, संडास धुवायच्या ॲसिडमध्ये असतो तोच. तो पावसाची वाटही बघत नाही, आधी आपल्या पोरांच्या छातीत जातो. यावर ग्रामसभेत ठराव घेता येतो.

पागोळ्यांचं पाणी पहिल्या दोन-तीन सरींचं सोडून द्या, पत्र्यावरची धूळ आणि हवेतला वायू त्यातच उतरतो. पुढचं भांडी-कपड्यांना खुशाल वापरा. शेतात चुना मात्र मनाने टाकू नका, माती परीक्षणात सामू कमी आला तरच, सांगितलेल्या मापाने. परसबागेत नुसत्या लाकडाची राख चालते, प्लॅस्टिक जाळलेल्या चुलीची नको.

आणि पाऊस आपल्याला मोजताही येतो. सामू बघायच्या कागदी पट्ट्या प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात मिळतात. काचेची बरणी साध्या पाण्याने नीट धुऊन, झाडापासून आणि पत्र्याच्या कडेपासून लांब, उघड्यावर स्टुलावर ठेवायची. पट्टी बुडवायची, रंग जुळवायचा, तारखेसह वहीत लिहायचं. पट्टीने अंदाजच येतो, पण पहिली सर आणि जुलैची सर यातला फरक कळायला तो पुरे. ज्या गटांना करायचंय त्यांनी पुढच्या मीटिंगला एकेक बरणी आणा, पट्ट्या मी घेऊन येते.