जीभ सुजली तर बीपीच्या गोळीचे नाव सांगा

सकाळी उठल्यावर ओठ जड वाटतो. तासाभरात जीभ तोंडात मावेनाशी होते, बोलणे बोबडे येते. वेगळे काही खाल्लेले नसते, गांधीलमाशी चावलेली नसते. मग घरात कुणी म्हणते उष्णता झाली, कुणी म्हणते नजर लागली. दोन वर्षांपासून रोज घेत असलेल्या बीपीच्या गोळीवर मात्र कुणाचाच संशय जात नाही. वाचकहो, ही करणी नाही आणि नजरही नाही. हा औषधाचा परिणाम असू शकतो.

एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लिसिनोप्रिल ही औषधे रक्तदाब आणि हृदयविकारासाठी जगभर दिली जातात. नावाच्या शेवटी ‘प्रिल’ असते, हीच त्यांची ओळख. या औषधांचे मूळ सापाच्या विषात आहे. ब्राझीलमधील जाराराका साप चावला की माणसाचा रक्तदाब एकदम उतरतो. ब्राझीलचे शास्त्रज्ञ सर्जिओ फेरेरा यांनी १९६५ साली त्या विषातला एक घटक वेगळा केला. तो शरीरातील ब्रॅडिकायनिन या द्रव्याचा परिणाम वाढवत होता. त्याच वाटेने पुढे कॅप्टोप्रिल हे पहिले औषध तयार झाले आणि १९८१ साली वापरात आले.

प्रिल गटातील औषधांमुळे ब्रॅडिकायनिन शरीरात साठते. त्याने रक्तवाहिन्या सैल होतात, रक्तदाब उतरतो. पण काही जणांत त्याच रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपते आणि ओठ, जीभ, घसा सुजतो. हे हजारात साधारण १ ते ७ जणांना होते. बहुधा पहिल्या काही आठवड्यांत होते, पण कित्येक वर्षांनीही होऊ शकते. त्यामुळे ‘ही गोळी तर जुनीच आहे’ म्हणून तिला संशयातून सोडू नये.

ही सूज आणि नेहमीची अॅलर्जी यांत फरक आहे. पेनिसिलिन किंवा डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकाची अॅलर्जी झाली तर बहुधा अंगावर गांधी उठतात, खाज सुटते, धाप लागते. तिथे अॅड्रेनालिनचे इंजेक्शन जीव वाचवते. प्रिलच्या सुजेत सहसा गांधी नसतात, खाजही नसते, आणि अॅलर्जीच्या नेहमीच्या औषधांचा फारसा उपयोग होत नाही. म्हणूनच डॉक्टरांना गोळीचे नाव कळणे फार मोलाचे असते.

भामरागड तालुक्यात तर वेळेला आणखी किंमत आहे. बाबा आमटे यांनी १९७३ साली हेमलकसा येथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तिथे दवाखाना उभा केला. तरीही पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. सूज घशात उतरायला मात्र काही तास पुरतात. म्हणून ‘उद्या सकाळी बघू’ हे इथे चालत नाही.

जीभ सुजली तर एवढे करा:

• त्या गोळीचा पुढचा डोस घेऊ नका.
• रुग्णाला बसते ठेवा. काढा, पाणी, अन्न काहीही तोंडात घालू नका.
• आवाज बदलणे, लाळ गळणे, गिळता न येणे, श्वासाला घरघर ही धोक्याची चिन्हे आहेत. पण त्यांची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने जवळच्या दवाखान्यात न्या.
• गोळ्यांची पट्टी आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत घ्या.

सूज एक-दोन दिवसांत उतरते, पण प्रश्न तिथे संपत नाही. अशा रुग्णाने प्रिल गटातील कोणतीही गोळी पुन्हा कधीच घेऊ नये. कंपनी बदलली तरी औषध तेच असते. ‘प्रिल चालत नाही’ असे चिठ्ठीवर ठळक लिहून घ्या आणि प्रत्येक नव्या डॉक्टरला दाखवा. औषधाचा दुष्परिणाम सरकारकडे कळवण्यासाठी १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आहे.

आणि हे वाचून घाबरून बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. ज्यांना त्रास नाही, त्यांनी ती चालूच ठेवावी. औषध सोडल्याने येणाऱ्या लकव्याचा धोका या सुजेपेक्षा कितीतरी मोठा आहे. ज्यांना त्रास झाला, त्यांच्यासाठी अॅम्लोडिपिनसारखी दुसरी औषधे आहेत. निवड डॉक्टर करतील. आज एकच काम करा. घरातल्या प्रत्येकाच्या गोळ्यांची नावे एका कागदावर लिहा आणि तो कागद सगळ्यांना सापडेल अशा जागी ठेवा.