दिवसाची वीज, रात्रीचा हिशेब

केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०१० साली सौरविजेसाठी ठरवून दिलेला दर होता युनिटला १७ रुपये ९१ पैसे. औष्णिक वीज तेव्हा त्याच्या कितीतरी खाली मिळत होती, त्यामुळे ‘सौरऊर्जा ही श्रीमंत देशांची हौस आहे’ असे म्हणणाऱ्यांना फारसा युक्तिवाद करावा लागत नसे. मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडला येथील सौर उद्यानासाठी झालेल्या लिलावात हाच दर २ रुपये ४४ पैशांवर आला आणि डिसेंबर २०२० मध्ये गुजरातेत तो दोन रुपयांच्याही आत, १ रुपया ९९ पैशांवर गेला. राष्ट्रीय सौर अभियानाने २०१० मध्ये २०२२ पर्यंतचे उद्दिष्ट २० गिगावॉट ठेवले होते. २०१५ मध्ये ते १०० गिगावॉट केले गेले. मुदत हुकली, पण जानेवारी २०२५ अखेर हा टप्पा ओलांडला गेला. तरीही वाद मिटलेला नाही, कारण दोन्ही बाजूंकडे खरे आकडे आहेत. समर्थक सांगतात की देशाच्या एकूण स्थापित क्षमतेच्या पाचव्या हिश्शाहून अधिक भाग आता सौर आहे. विरोधक सांगतात की २०२४-२५ या वर्षात प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेत सूर्याचा वाटा जेमतेम सात-आठ टक्के होता, तर कोळशाचा जवळजवळ तीन चतुर्थांश. या दोन आकड्यांमधले अंतर ज्यामुळे पडते, त्यातच सौरऊर्जेच्या व्यवहार्यतेचा सगळा प्रश्न सामावलेला आहे. सूर्य, पैसा आणि जमीन या तिन्हींची टंचाई देशाला अडवणार नाही. अडचण आहे ती वेळेची; आणि विजेच्या वापराची वेळ बदलणे भारताला अन्य अनेक देशांपेक्षा सोपे आहे, असे मला पुराव्यांच्या आधारे मांडायचे आहे.

आधी सर्वांत जुना आक्षेप घेऊ: एवढ्या मोठ्या देशाला पुरेल इतकी जागा कुठून आणायची? देशाचा वार्षिक वीजवापर सुमारे १,८०० अब्ज युनिटांचा आहे. भारतात एक मेगावॉट सौर प्रकल्प वर्षाला साधारण साडेसोळा लाख युनिट देतो. म्हणजे आजच्या गरजेचा निम्मा हिस्सा सूर्यावर भागवायचा तर सुमारे ५४५ गिगावॉट क्षमता लागेल. जागेसाठी कागदी सूत्र न घेता प्रत्यक्ष उभा असलेला प्रकल्प घेऊ. कर्नाटकात तुमकुरु जिल्ह्यातल्या पावगड येथे २,०५० मेगावॉटच्या उद्यानाने सुमारे १३ हजार एकर व्यापले आहेत, म्हणजे मेगावॉटला सव्वासहा एकर. या हिशेबाने ५४५ गिगावॉटला साधारण १४ हजार चौरस किलोमीटर लागतील. पुणे जिल्ह्याचे क्षेत्रफळ यापेक्षा जास्त आहे. देशातल्या पडीक जमिनींचे सरकारी मोजमाप साडेपाच लाख चौरस किलोमीटरच्या पुढे जाते. त्यातला अडीच टक्के भाग पुरतो. राष्ट्रीय सौरऊर्जा संस्थेने तीन टक्के पडीक जमीन धरून देशाची क्षमता ७४८ गिगावॉट काढली होती, तिच्याशी हा हिशेब जुळतो.

मात्र बेरीज जुळली म्हणून जमिनीचा प्रश्न सुटत नाही. सरकारी दप्तरात जी पडीक, ती मेंढपाळाच्या लेखी चराई असते आणि माळढोकाच्या लेखी घर. जैसलमेर परिसरातल्या वीजतारांवर आदळून माळढोक मरतात, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये न्यायालयानेच तो आदेश बदलला आणि तज्ज्ञ समितीकडे विषय सोपवला. पर्यावरणासाठी उभारलेला प्रकल्प पर्यावरणाच्याच मुळावर येऊ शकतो, हे या प्रकरणाने दाखवले. पण त्यातून निघणारा निष्कर्ष जागा निवडण्याविषयीचा आहे, सौरऊर्जा सोडून देण्याविषयीचा नाही. पावगडमध्ये जमीन संपादित केली गेली नाही. शेतकऱ्यांकडून एकरी वार्षिक २१ हजार रुपये आणि ठरावीक वाढ, अशा भाड्याने ती घेतली गेली. मालकी शेतकऱ्याकडेच राहिली. त्या जमिनीवर मजुरी करणाऱ्या भूमिहीनांच्या हाती मात्र या व्यवहारातून काही आले नाही, ही त्याची उणी बाजू आहे. तरी सक्तीच्या भूसंपादनापेक्षा हा मार्ग कितीतरी बरा.

खरा कठीण आक्षेप सूर्यास्तानंतर सुरू होतो. ३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी २५० गिगावॉटवर गेली. ती भर दुपारी गेली आणि सौरविजेने ती पेलायला हातभार लावला. पण संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान सौर प्रकल्प एकदम थांबतात, नेमके तेव्हाच घराघरांत दिवे, पंखे आणि वातानुकूलन यंत्रे सुरू होतात, आणि ही दरी कोळसा, पाणी व वायूवरच्या केंद्रांना तास-दोन तासांत भरून काढावी लागते. वीजबाजारात याचे प्रतिबिंब स्वच्छ दिसते. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी बाजारभाव अनेकदा युनिटला १० रुपये या नियामक मर्यादेला टेकतो आणि दुपारी तोच अगदी खाली येतो. लिलावातला दोन-अडीच रुपयांचा दर हा दुपारच्या युनिटचा दर आहे. तो संध्याकाळच्या युनिटला लावून ‘सूर्य कोळशापेक्षा स्वस्त’ म्हणणे हा हिशेबातला घोटाळा आहे, हे विरोधकांचे म्हणणे मान्य करायला हवे.

मग साठवणीचा खर्च धरून पाहू. २०२२ मध्ये भारतीय सौरऊर्जा महामंडळाच्या लिलावात दोन तासांच्या बॅटरीचे भाडे मेगावॉटला महिन्याला १० लाख ८४ हजार रुपये निघाले. दिवसातून एकदा भरायची आणि एकदा रिती करायची असे धरले, तर साठवणीचाच खर्च युनिटमागे १८ रुपये होतो. २०२४ अखेरच्या लिलावांत हे भाडे, सरकारी अनुदान जमेस धरून, अडीच लाखांच्या आत आले. म्हणजे त्याच पद्धतीने युनिटमागे चार रुपयांच्या आसपास. त्यात भरण्यासाठी लागणारी दुपारची वीज आणि भरताना-उतरताना होणारी घट मिळवली की संध्याकाळचे सौर युनिट सात रुपयांना पडते. बाजारात दहा रुपये मोजावे लागणाऱ्या तासांसाठी हा सौदा आजच फायद्याचा आहे. रात्री अकरा ते पहाटे पाचच्या विजेसाठी तो फायद्याचा नाही, कारण त्या वेळी वीज सहसा संध्याकाळपेक्षा स्वस्त असते. केंद्रीय वीज प्राधिकरणाचा आराखडाही हेच सांगतो: २०३१-३२ पर्यंत बॅटऱ्या आणि उदंचन जलविद्युत मिळून सुमारे ४१ कोटी युनिटांची साठवण त्यात धरली आहे, आणि देशाचा एका दिवसाचा वापर आजच सुमारे ४९० कोटी युनिट आहे. ही साठवण संध्याकाळ निभावण्यासाठी आहे. तिच्या जोरावर संपूर्ण रात्र सूर्यावर काढता येईल असा दावा आराखडाही करत नाही, आणि समर्थकांनीही करू नये.

मात्र वीज साठवून तिची वेळ बदलणे हा एकच उपाय नव्हे. वापराची वेळ बदलणे हाही उपाय आहे, आणि तो बॅटरीपेक्षा स्वस्त आहे. हे नवे वाटत असेल तर महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला विचारावे. कृषिपंपांना दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास आळीपाळीने वीज देण्याची पद्धत या राज्याने वर्षानुवर्षे चालवली. कोळशाची केंद्रे रात्री बंद करता येत नाहीत, तेव्हा शहरे आणि कारखान्यांची मागणी उतरलेली असते, म्हणून उरलेली वीज पंपांकडे वळवली गेली. शेतकऱ्याने पाणी धरायला रात्री बांधावर जायचे, साप-विंचवाची आणि बिबट्याची भीती सोसायची, कारण कोळशाला ती वेळ सोयीची होती. घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्पही याच विचारातून आला: रात्रीच्या जादा विजेने पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की खाली सोडायचे. म्हणजे इंधनाच्या स्वभावाप्रमाणे वापराची वेळ बदलणे आपल्या वीजव्यवस्थेला मुळीच अपरिचित नाही. आता मुख्य इंधन बदलत असेल तर वेळही उलटी फिरवता येते. घाटघरने दुपारी पाणी चढवावे, पंपांनी दुपारी पाणी उपसावे.

देशाच्या वीजवापरात शेतीचा वाटा साधारण सहावा हिस्सा आहे. एवढा मोठा आणि इतका लवचीक वापर फार कमी देशांकडे असेल. रुग्णालय दुपारपर्यंत थांबू शकत नाही, रेल्वे थांबू शकत नाही. विहिरीचे पाणी मात्र दुपारी उपसले काय की रात्री, पिकाला फारसा फरक पडत नाही. शिवाय गावठाण आणि शेती यांच्या वाहिन्या वेगळ्या करण्याचे काम गुजरातेत ज्योतिग्राम योजनेने आणि पाठोपाठ महाराष्ट्रातही मोठ्या प्रमाणावर झाले असल्याने फक्त शेतीची वाहिनी सौर प्रकल्पाला जोडणे शक्य झाले आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची सुरुवात राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी येथून झाली. २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला आणि पुढे उद्दिष्ट १६ हजार मेगावॉटपर्यंत वाढवले गेले. उपकेंद्राजवळच्या जमिनीवर छोटे प्रकल्प, जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे आणि युनिटला तीन रुपयांच्या आसपास वीज, असे तिचे गणित आहे. वीज जिथे तयार होते तिथेच वापरली जाते, त्यामुळे राजस्थानातून शेकडो किलोमीटर तारा ओढण्याचा खर्च आणि वाटेतली गळती दोन्ही टळतात. राज्यातले सुमारे ४५ लाख कृषिपंप दिवसा चालू लागले तर ती बॅटरीविना झालेली साठवण ठरेल, फरक इतकाच की साठते ते पाणी.

यावर दोन गंभीर आक्षेप येतात. पहिला भूजलाचा. दिवसा, खात्रीने आणि फुकट वीज मिळाली की उपसा वाढतो, आणि मराठवाड्यातल्या विंधनविहिरींची आजची खोली पाहता ही भीती निराधार नाही. स्वतंत्र सौरपंपाला तर विजेचे बिलच नसते, त्यामुळे तिथे धोका अधिक. वाहिनी सौर करण्याच्या पद्धतीत निदान पुरवठ्याचे तास वितरण कंपनीच्या हाती राहतात. न वापरलेल्या युनिटांचे पैसे शेतकऱ्याला मिळतील अशी व्यवस्था जोडली तर पाणी वाचवण्याला प्रथमच रोख किंमत येईल. दुसरा आक्षेप वितरण कंपन्यांच्या ताळेबंदाचा. कारखाने आणि सधन घरे जादा दर भरतात, त्यातून शेतीची सवलत निघते. हेच ग्राहक छतावर पॅनेल लावून निघून गेले तर उरलेल्यांवर बोजा वाढतो. पाकिस्तानात २०२४ या एका वर्षात सुमारे १७ गिगावॉटची पॅनेल आयात झाली, ऐपत असलेल्यांनी सरकारी विजेकडे पाठ फिरवली आणि तिथल्या वीजव्यवस्थेचे गणित कोलमडू लागले. आपल्याकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेली एक कोटी घरांची ‘सूर्यघर’ योजना हीच वाट धरू शकते. पण शेतीसाठी साडेसहा-सात रुपयांना पडणाऱ्या विजेच्या जागी तीन रुपयांची वीज आली तर मुळात सवलतीचा बोजाच निम्म्याने उतरतो. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे: आधी शेतीच्या वाहिन्या, मग छते.

पावसाळ्याचे काय, हा प्रश्न मराठी वाचकाला सुचणारच. जून ते सप्टेंबर सौर उत्पादन घटते हे खरे, पण त्याच महिन्यांत पश्चिम भारतातली पवनऊर्जा शिखरावर असते. साताऱ्याच्या चाळकेवाडी-वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्या त्याच काळात सर्वाधिक वीज देतात, कोयनेची धरणे भरतात आणि पंपांची मागणी तळाला जाते. म्हणजे देशाच्या पातळीवर ऋतूंचा तोल बऱ्याच अंशी आपोआप सांभाळला जातो. वीजजाळ्याच्या स्थैर्याचा आक्षेप २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेल्यावर जोरात आला. तिथल्या चौकशीत मुख्य दोष व्होल्टेजवरच्या नियंत्रणातला निघाला. सौरविजेचा वाटा वाढतो तसे हे नियंत्रण नव्याने बसवावे लागते, हा त्यातला धडा. पण जुनी व्यवस्था अभेद्य होती असे मानू नये. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर आणि पूर्व भारत अंधारात बुडाला तेव्हा देशातली सौर क्षमता एक गिगावॉटच्या आसपास होती. उलट ५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ मिनिटे दिवे मालवले गेले तेव्हा सुमारे ३१ हजार मेगावॉटची मागणी एकदम घटून परत चढली आणि जलविद्युत केंद्रांच्या जोरावर वीजजाळे डगमगले नाही. सूचना आणि तयारी असेल तर संध्याकाळचा चढही पेलता येतो.

चीनवरच्या परावलंबनाबद्दल थोडक्यात. पॅनेलच्या प्रत्येक टप्प्याच्या उत्पादनात चीनचा वाटा जगाच्या ८० टक्क्यांहून अधिक आहे. भारताने एप्रिल २०२२ पासून मॉड्यूलवर ४० आणि सेलवर २५ टक्के आयातशुल्क लावले. जोडणीचे कारखाने वाढले, पण वेफर आणि पॉलिसिलिकॉन अजून बहुतांशी बाहेरूनच येतात. ही उणीव खरी आहे. तरी तेल किंवा कोळसा रोज आणावा लागतो आणि पॅनेल एकदा आणले की पंचवीस वर्षे चालते. पुरवठा थांबला तर उद्याचा प्रकल्प अडेल, आज उभा असलेला अडणार नाही.

तेव्हा सौरऊर्जा राष्ट्रीय पातळीवर व्यवहार्य आहे का, या प्रश्नाचे उत्तर अटीसह ‘हो’ असे आहे. निम्म्या विजेपर्यंत जाण्यासाठी जमीन आहे, किंमत आहे, संध्याकाळपुरती साठवण आवाक्यात आली आहे. उरलेल्या निम्म्यासाठी वारा, पाणी, अणुऊर्जा आणि दीर्घकाळ कोळसाही लागेल. त्या कोळशाच्या केंद्रांना दुपारी ४० टक्के क्षमतेपर्यंत उतरायला शिकावे लागेल, आणि २०२३ च्या नियमांनी ती वाट आखून दिली आहे. घरगुती आणि व्यापारी ग्राहकांसाठी दुपारी स्वस्त व संध्याकाळी महाग दराचा नियमही त्याच वर्षी आला, पण वेळ नोंदवणारा मीटर बसल्याशिवाय त्याला अर्थ नाही. इथून पुढे दरवर्षी किती गिगावॉट उभे राहिले हे विचारणे पुरेसे ठरणार नाही. शेतीच्या किती वाहिन्या रात्रीतून दिवसात आल्या आणि संध्याकाळी सात वाजता साठवलेल्या उन्हाची किती युनिट मिळाली, हे दोन आकडे सरकारने दर महिन्याला जाहीर करावेत. ते वाढत गेले तर सौरऊर्जेवरची टीका आपोआप निरुत्तर होईल; ते न वाढता केवळ स्थापित क्षमता वाढत राहिली, तर दुपारची जादा वीज फुकट जाईल आणि टीकाकारच बरोबर ठरतील.