रुग्णवाहू विमानाचा वैमानिक

६ मे २०२१ रोजी रुग्ण घेऊन नागपूरहून हैदराबादला निघालेल्या छोट्या विमानाचे एक चाक उड्डाणाच्या वेळीच निखळून पडले. कॅप्टन केसरी सिंग यांनी विमान मुंबईकडे वळवले व रात्री धावपट्टीवर पोटावर उतरवले. रुग्णासह पाचही जण बचावले.

वर्धा-हिंगणघाटच्या आपल्या मुलांनीही हे काम का करू नये? जरूर करावे, पण दुकान विकण्याआधी हिशेब मांडावा, असे आम्ही म्हणू. व्यावसायिक परवान्यासाठी वय १८ पूर्ण, प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा आणि २०० तासांचे उड्डाण लागते. शिक्षणाची सोय गोंदियाजवळ बिरसी येथे आहे. खर्च मात्र लाखांत जातो, आणि व्याजाच्या कर्जाचा प्रश्न आपल्या घरांत वेगळाच!

परवाना म्हणजे नोकरी नव्हे. भाड्याने विमाने देणाऱ्या कंपनीकडे विमाने थोडी, म्हणून जागाही थोड्या. ती ज्या जातीचे विमान चालवते, त्याचे प्रशिक्षण वेगळे घ्यावे लागते. सुरुवात सहवैमानिक म्हणून. वेळापत्रक नाही, फोन आला की निघायचे. हवामान खराब असेल तर रुग्णाचे नातेवाईक विनवीत असतानाही 'नाही' म्हणावे लागते. वैद्यकीय तपासणी वारंवार होते. त्यात नापास झाला की कमाई थांबते.

गॅरेजवाल्यांच्या मुलांनी विमान देखभाल अभियंत्याच्या परवान्याचीही चौकशी करावी. नागपूरच्या मिहानमध्ये विमानदुरुस्तीचे मोठे केंद्र आहे.