लपण्याची चमक, फसवण्याची चमक

माशाचं अंग चकाकतं ते कुणाला दिसावं म्हणून नाही, दिसू नये म्हणून. हे उलटं वाटतं, कारण मासा आपल्याला भेटतो तो बाजारात, टोपलीत आडवा पडलेला. पाण्यात त्याची कूस आरशाचं काम करते. मोकळ्या पाण्यात चहूबाजूंनी येणारा उजेड जवळपास सारखाच असतो. त्यामुळे आरशात जे दिसतं आणि मासा तिथे नसता तर जे दिसलं असतं, त्यात फरक उरत नाही. समोर असूनही मासा विरून जातो.

ब्रिटिश शास्त्रज्ञ एरिक डेंटन यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत हे आरसे बारकाईनं तपासले. माशाची कूस गोलसर असली तरी तिच्यातल्या चमकदार चकत्या त्या गोलाईबरोबर वळत नाहीत. बहुतेक ठिकाणी त्या पाण्यात उभ्याच राहतात. म्हणून सरळ पोहणारा मासा लपलेला असतो. तो कलंडला, जखमी झाला, दचकून वळला, की वरचा उजेड त्या चकत्यांवरून उसळून थेट शिकाऱ्याच्या डोळ्यांत जातो. लपणं फसल्याची खूण म्हणजे ती क्षणभराची लकाकी.

गळाला लावायला घरी मऊ प्लास्टिकची मासोळी ओतताना तिच्यात पर्ल पावडर नावाची चमकदार भुकटी मिसळणारा माणूस हीच खूण मुद्दाम तयार करत असतो.

अशा आमिषाची गरज कुठे पडते ते पाहायला हिंगोली जिल्ह्यातलं डोंगरकडा घ्या: नांदेड–हिंगोली रस्त्यावरचं, हळदीच्या आणि केळीच्या पट्ट्यातलं गाव. ते ज्या कळमनुरी तालुक्यात येतं, त्याच्याच अंगाला पैनगंगेवरचं इसापूर धरण आहे. इकडे गळाला लावायचं ते गांडूळ, नाहीतर कणकेची गोळी. वासावर येणाऱ्या माशांना ते पुरतं. मरळीची तऱ्हा वेगळी. ती दबा धरून बसते आणि हलतं भक्ष्य दिसलं की झेपावते. अशा डोळ्यांनी शिकार करणाऱ्या माशासाठीच मऊ प्लास्टिकचं आमिष जन्माला आलं. अमेरिकेत ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात निक आणि कॉस्मा क्रीम या जोडप्यानं १९४९ मध्ये मऊ प्लास्टिकचं गांडूळ साच्यात ओतलं, आणि हौशी मासेमारीचा एक नवा रस्ता उघडला.

त्यासाठी लागतो प्लास्टिसॉल, म्हणजे पीव्हीसीची बारीक भुकटी आणि तिला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य यांचं दुधाळ मिश्रण. तापवलं की ते आधी घट्ट होतं, मग पुन्हा पातळ होत जातं, आणि सुमारे १७५ अंश सेल्सिअसला काचेसारखं पारदर्शक दिसू लागतं. पर्ल पावडर टाकायची वेळ ती. पुढे जास्त तापलं तर मिश्रण पिवळं पडतं, करपतं आणि हायड्रोजन क्लोराइडचा घशाला झोंबणारा वायू सोडतं. म्हणून हे काम उघड्यावर करायचं, स्वयंपाकाच्या भांड्यात कधीच नाही, आणि पाण्याचा थेंबही जवळ येऊ द्यायचा नाही. गरम मिश्रण अंगावर उडतं.

आता त्या पावडरीकडे पाहू. पर्ल पावडरमध्ये मोती नसतो. आणखी नवल म्हणजे तिच्या चंदेरी, सोनेरी, निळ्या, हिरव्या छटांपैकी कित्येकींत रंगद्रव्यही नसतं. असतं ते अभ्रक. हे खनिज पापडांच्या चळतीसारखं थराथरांनी सुटं होतं. झारखंडातल्या कोडरमा–गिरिडीहच्या खाणी त्यासाठी जगभर ओळखल्या गेल्या. अभ्रकाच्या अतिबारीक पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर चढवतात. हा पदार्थ एरवी पांढऱ्याशुभ्र रंगात वापरला जातो. इथे मात्र छटा ठरते ती थराच्या जाडीवर. थर सुमारे ५० नॅनोमीटरचा असेल तर चंदेरी, जरा जाड केला तर सोनेरी, मग तांबूस, मग निळा, आणि १४० च्या आसपास हिरवा. माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, यावरून हिशेब करा.

थराच्या वरच्या पृष्ठभागावरून थोडा उजेड परततो, खालच्यावरून थोडा. दोन्ही लाटा एकत्र येताना काही रंग एकमेकांना बळ देतात, काही एकमेकांना मिटवतात. पावसात रस्त्यावर सांडलेल्या डिझेलवर जे इंद्रधनुष्य पसरतं, त्याचंही कारण हेच. सर सी. व्ही. रामन यांनाही शिंपल्यांतल्या अशाच चमकेनं खेचून घेतलं होतं; १९३० च्या दशकात त्यांनी तिच्यावर संशोधन केलं.

अभ्रकाच्या आधी ही चमक कुठून यायची? माशांतून. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये जाकँ नावाचा एक जपमाळा करणारा कारागीर होता. ब्लीक नावाच्या छोट्या माशांच्या खवल्यांतून त्यानं चंदेरी द्रव्य काढलं आणि पोकळ काचमण्यांच्या आत त्याचा लेप दिला. खोट्या मोत्यांचा मोठा धंदा त्यातून उभा राहिला. थोड्याशा द्रव्यासाठी हजारो मासे लागत. पुढे रसायनशास्त्रानं त्याचं नाव शोधलं: ग्वानिन. आपल्या डीएनएची लिपी ज्या चार अक्षरांची, त्यांतलंच हे एक. मासा त्याचेच पातळ स्फटिक रचून आरसा घडवतो. मधल्या काळात शिशाची विषारी संयुगंही वापरून झाली. अभ्रक आणि टायटॅनियमच्या जोडीचं पेटंट अमेरिकेत १९६३ मध्ये नोंदलं गेलं. थोडक्यात, माणसानं माशाची चमक उचलून मोत्याला दिली, मोत्यासाठी ती दगडातून बनवली, आणि आता ती माशालाच दाखवतो आहे.

छटा थराच्या जाडीतून येते हे कळलं की आमिषाच्या रंगकामाचे ठोकताळे आपोआप उलगडतात. हिरवी झाक परतवणारा पापुद्रा उरलेला तांबूस उजेड आरपार सोडतो. खाली पांढरं प्लास्टिक असेल तर तोही परत येतो, दोन्ही मिसळतात आणि झाक हरवते. काळ्या किंवा गडद प्लास्टिकमध्ये तो शोषला जातो आणि हिरवं उठून दिसतं. पापुद्रे चपटे असल्यानं ओतताना ते धारेच्या दिशेनं आडवे होतात. मासोळीच्या अंगावर उमटणाऱ्या लाटा म्हणजे गरम प्लास्टिक कसं वाहिलं त्याचा नकाशा. पापुद्रे तळाशी बसू लागतात, म्हणून ओतेपर्यंत हलक्या हातानं ढवळत राहायचं.

आणि पावडर चिमूटभरच घालायची. जास्त झाली की प्लास्टिक गढूळ होतं, कुठूनही पाहा, सारखंच पांढुरकं दिसतं. सतत चमकणारी वस्तू शिकाऱ्याला काहीच सांगत नाही. त्याला हवी असते मधूनच उठणारी आणि विझणारी लकाकी, आणि ती डबीत मिळत नाही. ती येते शेपटीच्या वळवळीतून, आमिष कलंडण्यातून आणि दोरीला मनगटानं दिलेल्या हिसक्यातून. पावडर फक्त आरसे पुरवते. घाबरलेला मासा उभा करायचं काम गळ धरणाऱ्या हाताचं.