काचेच्या पेटीतली निवटी

आमच्या घरी निवट्या आहेत हे कळल्यापासून मंडळाच्या कार्यक्रमांत आम्हाला तीन प्रश्न हमखास विचारले जातात. कुठे मिळाल्या? किती दिवस जगतात? आणि तिसरा, जरा हळू आवाजात, विशेषतः उरण-अलिबागकडच्या मंडळींकडून : खायच्या कधी? तिसऱ्याचे उत्तर आधी देतो. खायच्या नाहीत, कारण ही आपली खायची निवटी नव्हेच, तिची चुलत बहीण आहे. या फरकावरच तिचे जगणे-मरणे अवलंबून असते, म्हणून हा लेख.

ज्यांनी ठाण्याची किंवा पनवेलची खाडी ओहोटीच्या वेळी पाहिली आहे, त्यांना तिवरांच्या मुळांशी चिखलावर टणाटण उड्या मारणारा, बेडकासारखे डोळे वर काढलेला मासा आठवत असेल. आगरी-कोळी घरांत जिचे तिखट कालवण होते, ती बहुधा बोलिओफ्थाल्मस या कुळातली. सहा-सात इंचांपर्यंत वाढते. ती मांसाहारी नाही. ओल्या चिखलावर उन्हाने जी सूक्ष्म शेवाळाची साय धरते, ती डोके डावीकडे-उजवीकडे हलवत खरवडून खाते. अंगणात केरसुणी फिरवावी तशी. ही साय रोज नव्याने धरायला भरती-ओहोटी हवी, ऊन हवे, भरपूर चिखल हवा. बेसमेंटमधल्या टँकमध्ये यातले काहीच नसते. म्हणून "पुढच्या वेळी देशातून येताना दोन-चार घेऊन येऊ का?" असे कोणी विचारले, तर आमचे उत्तर एकच : नको. उपाशी मरतील.

इथल्या दुकानांत 'मडस्किपर' अशी पाटी लावून जो मासा विकतात तो साधारणपणे पेरिओफ्थाल्मस कुळातला. हा किडे, अळ्या, लहान खेकडे खातो, त्यामुळे घरात पोसता येतो. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे दुकानदाराला एक अळी टाकायला सांगा. झेप घेऊन गट्ट केली तर पेरिओफ्थाल्मस.

पण यातही दोन प्रकार येतात, आणि पाटी दोघांवर एकच असते. पहिला पश्चिम आफ्रिकेचा, बार्बारस. सेनेगलपासून अंगोलापर्यंतच्या किनाऱ्यावरचा. गालांवर व अंगावर निळसर ठिपके, अंग जाड, वाढून सहा इंचांपर्यंत जातो, आणि स्वभावाने दांडगट. दुसरा आपल्याकडचा छोटा, नोव्हेमरेडिएटस. हॅमिल्टन या शास्त्रज्ञाने १८२२ साली गंगेच्या माशांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले. हा तीन इंचांच्या आसपासच राहतो. पिल्लू असताना बार्बारसही तेवढाच दिसतो, आणि घोटाळा तिथेच होतो. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला एका दुकानाने दोन्ही 'एकाच जातीचे' म्हणून एकत्र दिले. सहा महिन्यांत मोठा दुप्पट झाला, धाकट्याला जमिनीवर येऊच देईना, आणि एका सकाळी धाकटा कोपऱ्यात मरून पडलेला मिळाला. मुले दोन दिवस जेवली नाहीत. तेव्हा निळे ठिपके नीट बघा, आणि शंका असेल तर एकच मासा घ्या. छोट्या जातीचे तीन-चार एकत्र राहतात, पण नर एकच असावा. नराचे पाठीवरचे पर जास्त रंगीत असतात आणि तो ते सारखे उभारून दाखवत असतो.

आता घर. टँक उंच नको, लांब-रुंद हवा. अर्ध्या भागात चार-पाच इंच पाणी, उरलेल्या भागात वाळूचा उतार, वर एखादे लाकडाचे मूळ. सरळ कडा ठेवू नका, त्याला सरपटत वर येता आले पाहिजे. हीटरभोवती जाळी लावा, नाहीतर हा त्यालाच बिलगून पोळतो.

पाणी खारे हवे, पण समुद्राइतके नाही. घनता १.०१०च्या आसपास ठेवा, म्हणजे लिटरला साधारण १५ ग्रॅम मीठ. हे मीठ स्वयंपाकाचे नव्हे, समुद्री माशांच्या टँकसाठी मिळते तेच. चमच्याने अंदाज करू नका. हायड्रोमीटर स्वस्त असतो, तो घ्या. नळाच्या पाण्यातले क्लोरीन व क्लोरामाइन औषधाचे थेंब टाकून घालवावे लागते. आणि हे महत्त्वाचे : पाणी आटते, मीठ आटत नाही. त्यामुळे आटलेल्या पाण्याच्या जागी गोडेच पाणी घाला. दर आठवड्याला थोडे पाणी काढून नवे भराल, तेव्हा मात्र ते खारे हवे.

मासे आणण्याआधी महिनाभर फिल्टर चालू ठेवून टँक तयार करावा. ज्यांना दही लावता येते त्यांना हे वेगळे समजवायला नको : विरजण लागल्याशिवाय दही नाही, तसे फिल्टरमध्ये जंतू वाढल्याशिवाय माशांच्या मलमूत्राचा अमोनिया पचत नाही. चालू टँकमधला थोडा जुना स्पंज मिळाला तर विरजण लवकर लागते.

झाकण गच्च असावे. एक तर हा काचेवर चढतो. पोटाखालचे पर चिकटवून थेट वर. दुसरे कारण त्याहून मोठे. हा मासा बराचसा श्वास ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या अस्तरातून घेतो. आपल्याकडच्या हिवाळ्यात हीटिंग चालू असते, घरातली हवा पापडासारखी कोरडी, आणि त्या हवेत त्याची कातडी सुकते. पाणी जसे ७७ ते ८५ फॅरनहाइट हवे तशीच वरची हवाही उबदार व दमट हवी. काचेवर आतून वाफ धरली की समजा ठीक आहे.

खाण्याला गोठवलेल्या लाल अळ्या, कोळंबीचे बारीक तुकडे, कधी एखादा लहान नाकतोडा. उरलेले लगेच काढा.

घरात पिल्ले होतील अशी आशा धरू नका. चिखलात खोल बीळ करून, त्यात हवेची कोठी राखून, तिच्या छताला हे मासे अंडी चिकटवतात. जपानमधल्या एका जातीवर २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की नर तोंडाने घोट-घोट हवा त्या कोठीत नेतो, आणि अंडी पिकली की तीच हवा बाहेर नेऊन टाकतो. पाणी शिरले की अंडी फुटतात. बापाचे हे काम वाचून आमच्या घरातल्या एका बापाला फार बरे वाटले.

डोळे मिटायची लकब मात्र टँकसमोर बसून बघाच. पापण्या नाहीत, डोळाच खाली खोबणीत ओढून घेतो आणि ओला करून परत वर काढतो. लहान मुले त्याच्याबरोबर डोळे मिचकावत तासन् तास बसतात, तेवढा वेळ टीव्ही बंद.

डिसेंबरात देशात जाणारांनी एवढे करावे. शेजाऱ्याला एक दिवसाआड खाऊ घालायला सांगा, एकेका वेळेचा खाऊ वेगळ्या पुडीत बांधून फ्रीजरमध्ये ठेवा, आणि गोड्या पाण्याच्या बाटल्यांवर मोठ्या अक्षरांत 'मीठ नाही' असे लिहा. सांभाळणे झेपेनासे झाले तरी जवळच्या नदी-खाडीत सोडू नका. आम्हाला कळवा, आमच्याकडे जागा आहे.