राजधानी वसवली, आता पुढे?

'सिव्हिलायझेशन' खेळायला बसलेल्या नवख्या माणसाची तक्रार बहुतेक ठरलेली असते. दीडशे टर्न झालेले असतात, राजधानी नटलेली असते, दोन-तीन जागतिक आश्चर्यं उभी असतात, एकही लढाई हरलेली नसते. तरीही शेजारचा संगणकी राजा बंदुका घेऊन सीमेवर येतो, तेव्हा आपल्याकडे अजून तलवारीच असतात. चुकलं कुठे, हे उमगत नाही. कारण घेतलेला प्रत्येक निर्णय त्या त्या वेळी ठीकच वाटलेला असतो.

या खेळात धान्य, उत्पादन, सोनं, विज्ञान या साऱ्यांचे आकडे पडद्यावर सतत दिसतात. सगळ्यात महाग चीज मात्र कुठल्याच रकान्यात नसते. ती म्हणजे टर्न. शहर एका वेळी एकच वस्तू घडवतं. ती घडत असताना जे घडवायचं राहून गेलं, ती तिची खरी किंमत. नवखा हरतो तो या न दिसणाऱ्या खर्चामुळे. पुढच्या सगळ्या सूचना या एका हिशेबातून निघतात.

आधी थोडी ओळख. सिड मायर यांनी ब्रूस शेली यांच्या साथीने पहिला 'सिव्हिलायझेशन' १९९१ मध्ये आणला. इसवी सनापूर्वी ४००० मध्ये एक टोळी घेऊन निघायचं आणि अंतराळयुगापर्यंत पोचायचं, ही कल्पना तेव्हापासून कायम आहे. दोन वर्षांनी 'मास्टर ऑफ ओरायन' या दुसऱ्याच गेमवर लिहिताना ॲलन एम्रिच यांनी अशा खेळांना 'फोर एक्स' हे नाव दिलं. शोधा, पसरा, वापरा आणि नेस्तनाबूत करा, असे हे चार 'एक्स'.

मालिकेतला सातवा गेम फेब्रुवारी २०२५ मध्ये आला, पण त्याची रचना बरीच निराळी आहे. शिकायला ऑक्टोबर २०१६ मध्ये आलेला सहावा अधिक सोयीचा. संगणकापासून फोनपर्यंत सगळीकडे तो मिळतो आणि सेलमध्ये बराच स्वस्त होतो. मे २०२० मध्ये, ऐन लॉकडाउनमध्ये, एपिक गेम्स स्टोअरने तो आठवडाभर फुकट दिला होता. त्यामुळे कित्येकांच्या खात्यात तो न उघडता पडून असेल. इथले आकडे २०१९ च्या 'गॅदरिंग स्टॉर्म' या विस्तारासह, 'स्टँडर्ड' वेगाच्या खेळाचे आहेत. या वेगात पूर्ण खेळ ५०० टर्नांचा असतो.

पाणी बघून वसा

सुरुवातीला हाताशी एक सेटलर आणि एक वॉरियर असतो. आणखी चांगली जागा मिळेल म्हणून सेटलरला पाच-सहा टर्न फिरवत बसू नका. पहिल्या किंवा दुसऱ्या टर्नला राजधानी वसवा. नदीकाठी किंवा तळ्याकाठी वसलेल्या शहराला ५ वस्त्यांची सोय मिळते, समुद्रकाठी ३, आणि कोरड्या जागी अवघी २. लोकसंख्या या मर्यादेजवळ पोचली की वाढ रखडते. म्हणून पहिली पसंती गोड्या पाण्याला द्या.

त्यातही पाण्यालगत टेकडी मिळाली तर सोडू नका. माळरानावरच्या टेकडीवर शहर वसवलं की त्याच्या मधल्या घरातून २ धान्य आणि २ उत्पादन मिळतं, सपाटीवर उत्पादन १ वर येतं. एका आकड्याचा फरक किरकोळ वाटतो. पण सुरुवातीला शहराचं एकूण उत्पादनच चार-पाच असतं.

पहिले पन्नास टर्न

राजधानीत पहिल्यांदा स्काउट घडवा. पुढच्या शहरांच्या जागा त्याच्यामुळे कळतात. शिवाय एखाद्या नगरराज्याला सगळ्यांच्या आधी भेटणाऱ्याचा एक दूत तिथे फुकट बसतो. विज्ञानप्रिय नगरराज्य असेल तर त्या एका दूतामुळे राजधानीला दर टर्नला २ विज्ञान मिळतं. इतक्या लवकर असा फायदा दुसरीकडून क्वचितच मिळतो.

स्काउटनंतर स्लिंगर, म्हणजे गोफणवाला. तो कशासाठी, हे रानटी टोळ्यांचा स्काउट तुमच्या वेशीवर आला की कळतं. त्याला तुमचं शहर दिसलं की त्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह उमटतं. इथे बहुतेक नवखे 'एकटाच तर आहे' म्हणून त्याला सोडून देतात. तो एकटा तळावर परततो, खबर देतो आणि काही टर्नांत तिथून हल्लेखोर सुटतात. तळाजवळ घोडे असतील तर स्वारच येतात. तेव्हा उद्गारचिन्ह दिसताच बाकीची कामं बाजूला ठेवा. वॉरियरला त्याच्या परतीच्या वाटेवर उभा करा आणि गोफणीने त्याला टिपा. गोफणवाल्याने एखाद्याला ठार केलं की धनुर्विद्येच्या संशोधनाला चालना मिळते, आणि सोन्याची थोडी शिल्लक असेल तर त्याच गोफणवाल्याचा पुढे तिरंदाज करता येतो. दोन तिरंदाज आणि एक वॉरियर एवढी शिबंदी सुरुवातीला बहुधा पुरते.

त्यानंतर सेटलर. पहिला बिल्डर त्याच्या आगेमागे चालेल. बिल्डरचे हात तीनदाच चालतात, चौथं काम त्याच्याकडून होत नाही. म्हणून ज्या घरावर प्रत्यक्ष माणूस राबतो आहे, तिथेच शेत किंवा खाण काढा. गेमच्या स्वयंचलित सल्ल्यावर सगळं सोपवू नका.

जमीन रिकामी आहे तोवर

रिकामी जमीन हा वाफसा आहे. तो फार दिवस टिकत नाही. शंभराव्या टर्नच्या आसपास नकाशावरच्या बऱ्या जागा भरत येतात आणि त्यानंतर एकेक शहर लढूनच घ्यावं लागतं. म्हणून अनुभवी खेळाडू शंभर टर्नांत आठ-दहा शहरांचं लक्ष्य ठेवतात. नवख्याने सहा गाठली तरी खूप झालं.

पहिला सेटलर ८० उत्पादनाला पडतो, पुढचे चढत्या भावाने. सेटलर निघाला की शहराची लोकसंख्याही एकाने घटते. त्यामुळे तो जिवावर येतो आणि हात आश्चर्यांकडे वळतो. स्टोनहेंजला १८० उत्पादन लागतं, म्हणजे जवळजवळ दोन सेटलर. शिवाय आश्चर्य जगात एकच असतं. तुमचं काम दोन टर्नांवर आलेलं असताना दुसऱ्याने ते पूर्ण केलं, तर ते तुम्हाला मिळत नाही. तेवढ्याच खर्चात वसलेली दोन शहरं मात्र खेळ संपेपर्यंत दर टर्नला काही ना काही देत राहतात. पहिल्या खेळात सुरुवातीच्या आश्चर्यांचा मोह टाळा. 'अर्ली एम्पायर' हा टप्पा गाठला की 'कॉलनायझेशन' हे धोरणाचं पान मिळतं आणि सेटलर ५० टक्के जास्त वेगाने घडतात. तीन-चार सेटलर त्याच काळात काढून घ्या.

शहरं एकमेकांपासून फार लांब वसवणं ही आणखी एक खोड. शहर आपल्याभोवतीच्या तीन घरांपर्यंतची जमीन कसू शकतं. अशी ३६ घरं होतात. पण दहा लोकसंख्येचं शहर दहाच घरं कसतं. बाकीची पडीकच राहतात. दोन शहरांमध्ये किमान तीन घरं मोकळी हवीत, एवढाच नियम आहे. चार-पाच घरांवर दुसरं शहर वसवलं, थोडी जमीन सामाईक झाली, तरी नुकसान नाही. जवळची शहरं राखायलाही सोपी जातात. दूरवर, दुसऱ्याच्या मोठ्या शहरांशेजारी नेऊन ठेवलेलं गाव निष्ठा घसरून फितूर होऊ शकतं.

कॅम्पसची जागा

सहाव्या गेममध्ये शहराच्या इमारती मधल्या एकाच घरात मावत नाहीत. विद्येसाठी कॅम्पस, व्यापारासाठी कमर्शियल हब, धर्मासाठी होली साइट असे डिस्ट्रिक्ट नकाशावर वेगवेगळ्या घरांत बांधावे लागतात. कोणता डिस्ट्रिक्ट कुठे ठेवला, यावर त्याचं उत्पन्न ठरतं.

समजा, तुमच्या शहराच्या उत्तरेला डोंगररांग आहे आणि एका ठिकाणी ती आत वळली आहे. त्या खाचेतल्या घराला तीन बाजूंनी डोंगर लागतो. कॅम्पसला लगतच्या प्रत्येक डोंगरामागे १ विज्ञान मिळतं, म्हणजे इथे दर टर्नला ३. तोच कॅम्पस शहराला चिकटून आहे म्हणून सपाटीवर बांधला, तर जागेचा लाभ शून्य. खर्च दोन्हीकडे सारखाच. शंभर टर्नांत हा फरक ३०० विज्ञानाचा होतो, आणि सुरुवातीची तंत्रज्ञानं २५ ते ८० विज्ञानात मिळतात. पुढे 'नॅचरल फिलॉसॉफी' हे पान लावलं की ३ चे ६ होतात, शून्याचं शून्यच राहतं. कमर्शियल हबला असाच लाभ नदीचा, २ सोन्याचा.

डिस्ट्रिक्टचं आणखी एक गुपित आहे. तुमचं संशोधन पुढे जाईल तशी डिस्ट्रिक्टची किंमत चढते, पण जागेवर पाया घातला की ती तिथेच गोठते. म्हणून परवानगी मिळताच पाया घाला. मग हवं तर काम थांबवून सेटलर काढा आणि सवडीने परत या. पहिल्या डिस्ट्रिक्टला लोकसंख्येची अट नाही. दुसरा ४ लोकसंख्येला, तिसरा ७ ला, असा तीन-तीनने हक्क वाढत जातो. सगळ्या शहरांत सगळं बांधायला जाऊ नका. बहुतेक शहरांत एक कॅम्पस आणि एक कमर्शियल हब एवढं झालं तरी राज्य धावू लागतं.

अर्धं शिकून ठेवा

बहुतेक तंत्रज्ञानांसमोर एक छोटी अट लिहिलेली असते. ती पुरी केली की त्या संशोधनाचा ४० टक्के भाग आपोआप होतो. यालाच युरेका म्हणतात. खाणीतून दगड काढा, गवंडीकाम अर्धवट शिकून होतं. समुद्रकाठी शहर वसवा, नौकानयन सोपं होतं. जाणती मंडळी एखादं संशोधन साठ टक्क्यांवर आणून सोडतात, दुसरं हाती घेतात आणि अट पुरी झाली की उरलेलं फुकटात पदरात पाडतात. दर टर्नला तंत्रज्ञानाच्या झाडावरच्या पुढच्या तीन-चार अटींवर नजर टाकायची सवय लावा. मात्र एका युरेकासाठी दहा टर्न उधळायचे नाहीत. हिशेब इथेही तोच.

शेजारी आणि गांधीजी

नवा राजा भेटला की त्याच टर्नला २५ सोनं देऊन शिष्टमंडळ पाठवा. पहिल्या भेटीत तो सहसा नाही म्हणत नाही, नंतर मन कलुषित झालं की दारातूनच परत पाठवतो. रेशीम, मसाले, हस्तिदंत अशा चैनीच्या वस्तूंचा एक नग चार शहरांना खूश ठेवतो. त्याच वस्तूचा दुसरा नग तुमच्या काहीच उपयोगाचा नसतो, म्हणून तो विकून टाका. नवखे वर्षानुवर्षं हे सोनं पडू देतात. सैन्य अगदीच तोकडं ठेवू नका. संगणकी राजे दुबळा शेजारी हेरतात.

गांधीजी अण्वस्त्रं टाकतात, ही या मालिकेतली सगळ्यात गाजलेली दंतकथा. पहिल्या गेममध्ये त्यांची आक्रमकता इतकी कमी होती की ती शून्याखाली जाऊन उलटी २५५ झाली, असं सांगितलं जातं. असा दोष गेममध्ये कधी नव्हताच, हे मायर यांनी २०२० मधल्या आत्मचरित्रात स्पष्ट केलं आहे. पुढच्या गेमांनी मात्र हा विनोद जाणूनबुजून चालू ठेवला. तेव्हा शेवटच्या युगात गांधीजींशी सलोखा राखलेला बरा.

भारत घेऊन खेळायचं तर गांधी किंवा चंद्रगुप्त निवडता येतात. भारताची खासियत म्हणजे बारव. महाराष्ट्रात गावोगावी दिसते तशीच ती इथे नकाशावर बांधता येते. ती धान्य देते आणि वस्त्यांची मर्यादाही वाढवते, म्हणजे कोरड्या जागी वसलेलं शहर तिच्यामुळे तगतं. छंदशास्त्राचा कर्ता पिंगलही इथे राज्यपाल म्हणून भेटतो. राजधानीत त्याची नेमणूक केली की तिथलं विज्ञान आणि संस्कृती दोन्ही वाढतात. अगदी पहिल्या खेळासाठी मात्र ट्राजनचं रोम घ्या. त्याच्या प्रत्येक नव्या शहराला मॉन्युमेंट फुकट मिळतं आणि राजधानीपर्यंतचा रस्ताही बहुधा आपोआप होतो. शहरं पसरवायची सवय त्यातून लागते.

जिंकायचं ते ठरवून

विज्ञान, संस्कृती, धर्म, मुत्सद्देगिरी किंवा सर्व मूळ राजधान्या काबीज करून, अशा पाच वाटांनी जिंकता येतं. यांतलं काहीच झालं नाही तर शेवटच्या टर्नला गुण मोजले जातात. शंभराव्या टर्नच्या सुमारास यातली एक वाट पक्की करा. त्यानंतर जे बांधाल ते त्या वाटेचंच असू द्या. विज्ञान नवख्याला सर्वांत सोपं. उपग्रह, चंद्र, मंगळ आणि शेवटी परग्रहाची मोहीम, अशा पायऱ्या डोळ्यांसमोर असतात. काठिण्य 'प्रिन्स' ठेवा. त्या पातळीवर संगणकाला फुकटची मदत नसते आणि तुम्हालाही नसते. वरच्या पातळ्यांवर त्याला जास्तीचे सेटलर आणि सवलती मिळतात, त्याच्याशी आताच झुंजायचं कारण नाही.

आणखी एक करा. पहिल्या टर्नलाच खेळ हाताने सेव्ह करा आणि ती फाइल जपून ठेवा. हरलात तर नवा नकाशा घेऊ नका, हाच पुन्हा उघडा. डोंगर कुठे, नदी कुठे, टोळ्यांचा तळ कुठल्या बाजूला, हे आता माहीत असतं. मग स्टोनहेंजच्या जागी दोन सेटलर काढून बघा, कॅम्पस डोंगराच्या खाचेत न्या, आणि शंभराव्या टर्नला दोन्ही खेळांतली शहरं आणि विज्ञान शेजारी शेजारी लिहा. टर्नची किंमत कुठल्याच रकान्यात दिसत नाही, असं सुरुवातीला म्हटलं होतं. या दोन ओळींच्या वजाबाकीत ती दिसते.